नादाचे पृथक्करण : हर्मन हेल्महोल्ट्झ यांचे चरित्र

सूर्याचा पांढरा प्रकाश काचेच्या लोलकातून गेला म्हणजे त्याचे सात रंग वेगळे होतात, हे आपण शाळेत शिकतो आणि त्याबरोबर न्यूटनचे नावही शिकतो. परंतु कानावर पडणारा ध्वनीदेखील असाच अनेक घटकांचा बनलेला असतो आणि त्याचेही घटक निराळे काढून दाखविता येतात, ही गोष्ट तितकीशी कोणाच्या ध्यानात नसते. तंबोऱ्याची एक तार छेडली असता आपण म्हणतो, षड्ज वाजला. वास्तविक त्या एका षड्जाच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे कितीतरी सूक्ष्म स्वर एकाच वेळी नांदत असतात. हे स्वर एकेक करून वेचून काढण्याचे साधन ज्या थोर पुरुषाने जगाला दिले, त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

हर्मन हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी प्रशियातील पॉट्सडॅम या गावी झाला. वडील तेथील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. घरात विद्या होती, विचार होता, पण पैसा बेताचाच होता. हर्मनची प्रकृती लहानपणी फार नाजूक असे. आयुष्याची पहिली सात वर्षे पुष्कळशी अंथरुणात किंवा घराच्या चार भिंतींतच गेली. खेळावयास सोबती नाहीत, तेव्हा लाकडी ठोकळे हेच त्याचे सोबती झाले. पुढे शाळेत भूमिती सुरू झाली तेव्हा शिक्षक जे सिद्धान्त फळ्यावर मांडीत, ते या मुलाला ठोकळ्यांच्या संगतीने आधीच ठाऊक झालेले होते, हे पाहून शिक्षकांस नवल वाटले.

तथापि हा मुलगा सर्वच विषयांत पुढे होता, असे मात्र कोणी समजू नये. ज्या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही अशा गोष्टी पाठ करणे त्याला फार जड जाई. व्याकरणातील अपवाद, शब्दांच्या याद्या, इतिहासातील सनावळ्या त्याच्या ध्यानात राहत नसत. डावे कोणते व उजवे कोणते, यातही त्याचा गोंधळ होई. उलट, एखाद्या नियमाने बांधलेली गोष्ट तो एकदा समजला की ती कायमची त्याची होई. वर्गात लॅटिन ग्रंथांचे वाचन चालू असता हा मुलगा बाकाखाली कागद धरून दुर्बिणीतून जाणाऱ्या किरणांचा मार्ग गणिताने काढीत बसलेला असे. पदार्थविज्ञान हाच आपला विषय, हे त्याच्या मनाने तेव्हाच ठरविले होते.

परंतु मनाने ठरविले म्हणून परिस्थिती थोडीच ऐकते! पदार्थविज्ञान शिकून पोट भरण्याची तेव्हा सोय नव्हती आणि शिक्षकाच्या तुटपुंज्या वेतनातून विद्यापीठाचा खर्च निघण्यासारखा नव्हता. बर्लिन येथे सैन्यासाठी वैद्य तयार करणारी एक सरकारी संस्था होती. तेथे शिक्षण विनामूल्य मिळे, मात्र त्याच्या मोबदल्यात आठ वर्षे सैन्यात वैद्य म्हणून नोकरी करावी लागे. वडिलांनी मुलाला स्पष्ट सांगितले, की पदार्थविज्ञान शिकावयाचे असेल तर ते वैद्यकाच्या वाटेनेच शिकावे लागेल. सतरा वर्षांच्या हर्मनने ते मान्य केले आणि १८३८ मध्ये तो बर्लिनला गेला. जाताना त्याने आपला पियानो बरोबर नेला. त्या पियानोचा पुढे शास्त्राला किती उपयोग होणार होता, हे तेव्हा कोणाला कळणार!

नाइलाजाने पत्करलेल्या या वैद्यकाविषयी हेल्महोल्ट्झ यांनी पुढे कधी कुरकुर केली नाही. त्यांनी त्याचे सोने केले. संस्थेच्या ग्रंथालयात काम करण्याची संधी मिळाली, तेव्हा तेथे धूळ खात पडलेले बर्नुली, दालाँबेर प्रभृती गणितज्ञांचे ग्रंथ त्यांनी वाचून काढले. १८४१ मध्ये तापाचा मोठा आजार होऊन त्यांना रुग्णालयात राहावे लागले. विद्यार्थी असल्यामुळे उपचार फुकट झाले आणि त्या काळात जे विद्यावेतन शिल्लक पडले, त्यातून बरे झाल्यावर त्यांनी एक सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतले. त्याच यंत्राच्या साहाय्याने मज्जातंतूंचे निरीक्षण करून १८४२ मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला आणि ते वैद्यकाचे पदवीधर झाले. आजारपणाच्या शिल्लकेतून विद्येचे साधन घेणाऱ्या या तरुणाचे उदाहरण आमच्या वाचकांनी ध्यानी धरावे.

१८४३ पासून ते पॉट्सडॅमच्या पलटणीत वैद्य म्हणून काम करू लागले. सैनिकांच्या बराकीतच त्यांनी एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. स्नायू आकुंचन पावताना उष्णता निर्माण होते काय, आणि होत असल्यास ती कोठून येते, या प्रश्नापासून त्यांचा विचार सुरू झाला आणि तो अखिल सृष्टीला व्यापणाऱ्या एका नियमापर्यंत जाऊन पोहोचला. शक्ती एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. ती शून्यातून निर्माण होत नाही आणि शून्यात विलीनही होत नाही, हा तो नियम. २३ जुलै १८४७ रोजी बर्लिनच्या पदार्थविज्ञान मंडळापुढे त्यांनी हा निबंध वाचला, तेव्हा त्यांना सव्वीस वर्षे पुरी व्हावयाची होती. त्या काळच्या प्रमुख शास्त्रीय नियतकालिकाने तो छापण्याचे नाकारले. तेव्हा त्यांनी तो स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. जर्मनीत मायर आणि इंग्लंडात जूल हेदेखील स्वतंत्रपणे याच सत्याजवळ आले होते. परंतु त्याला गणिताची भक्कम बैठक देऊन पदार्थविज्ञानाच्या सर्व शाखांना ते लागू करून दाखविण्याचे श्रेय मुख्यतः हेल्महोल्ट्झ यांचे आहे.

या कीर्तीमुळे लष्करी सेवेतून त्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली आणि १८४९ मध्ये ते क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ओल्गा फॉन फेल्टन या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. पत्नी त्यांच्या प्रयोगांत आकडे टिपून घेण्यास साहाय्य करीत असे. मज्जातंतूंतून संवेदना इतक्या वेगाने धावते की तिचा वेग मोजणे अशक्य आहे, अशी त्यांच्या गुरूंची, योहानेस म्यूलर यांची समजूत होती. शिष्याने १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो वेग मोजला. तो सेकंदास अवघा तीस मीटरच्या आसपास निघाला. ध्वनीच्या वेगाच्या एक-दशांशही तो नव्हता!

पाठोपाठ त्यांनी नेत्रदर्शक यंत्र शोधून काढले. जिवंत माणसाच्या डोळ्याची बाहुली काळी का दिसते, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्याच्या खटपटीत ही कल्पना त्यांना सुचली. पुठ्ठा, चष्म्याचे भिंग, काचेच्या पातळ चकत्या आणि सरस एवढ्या सामग्रीवर पहिले यंत्र तयार झाले. जिवंत डोळ्याचा आतील पडदा मानवाने स्पष्टपणे पाहिला तो यामुळे. तोवर नेत्रवैद्य अंधारातच चाचपडत होते. त्यांना या साधनाने दृष्टी दिली आणि त्यांच्याकरवी असंख्य रोग्यांची दृष्टी वाचली. वैद्यक नाइलाजाने पत्करलेल्या मनुष्याने वैद्यकाचे ऋण अशा रीतीने फेडले.

आता आम्ही आमच्या मुख्य विषयाकडे वळतो. ओल्गाबाईंना क्षयाची बाधा झाली होती. त्यांना सौम्य हवामान लाभावे म्हणून १८५५ मध्ये हेल्महोल्ट्झ बॉन येथे आणि तेथून १८५८ मध्ये हायडेलबर्ग येथे गेले. परंतु १८५९ हे वर्ष त्यांना फार क्रूर ठरले. त्या वर्षी वडील वारले आणि डिसेंबरअखेर पत्नीही दोन मुले मागे ठेवून निवर्तली. या दुःखात त्यांनी जे काम हाती धरले होते, ते ध्वनीचे. १८६१ मध्ये त्यांनी आना फॉन मोल यांच्याशी दुसरा विवाह केला आणि १८६३ मध्ये स्वरसंवेदनेवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला.

कोणतीही नियमित आंदोलने साध्या आंदोलनांच्या बेरजेने मांडता येतात, हे फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने पूर्वीच सिद्ध केले होते. कानही अशीच फोड करतो, असे ओम याने १८४३ मध्ये सुचविले होते. परंतु पुष्कळांना वाटे, की हे घटक म्हणजे केवळ गणिताचा खेळ होय. प्रत्यक्ष हवेत ते असतात याला प्रमाण काय? हे प्रमाण हेल्महोल्ट्झ यांनी एका अत्यंत साध्या साधनाने दिले.

नळाखाली घागर भरताना होणारा आवाज आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकला असेल. पाणी जसजसे वर चढते, तसतसा त्या आवाजाचा स्वरही चढतो आणि न पाहताही घागर भरत आल्याचे कळते. कारण असे, की पोकळ भांड्यातील हवेला तिचा स्वतःचा एक स्वर असतो. पोकळी मोठी असेल तर स्वर खालचा, लहान असेल तर वरचा. बाहेरून नेमका तोच स्वर आला तर आतील हवा जोराने आंदोलू लागते. दुसरा कोणताही स्वर आला तर ती जवळजवळ स्वस्थ राहते. यालाच अनुनाद म्हणतात. सतारीवर मुख्य तार वाजविली असता तिच्याशी मिळविलेली तरफेची तार आपोआप झंकारते, तोही अनुनादच होय.

या तत्त्वावर हेल्महोल्ट्झ यांनी काचेचे व पुढे पितळेचे पोकळ गोळे करविले. प्रत्येक गोळ्याला समोरासमोर दोन तोंडे असत. एक ध्वनी आत येण्यासाठी आणि दुसरे निमुळते, कानात बसविण्यासाठी. मऊ मेण लावून ते निमुळते तोंड एका कानात घट्ट बसवावयाचे, दुसरा कान बंद करावयाचा आणि ऐकावयाचे. बाहेर कितीही मिश्र ध्वनी चालू असला तरी गोळ्याचा जो स्वर असेल, तेवढाच कानाशी गर्जून उठे. बाकीचे स्वर मंद पडत. लहानमोठ्या गोळ्यांची मालिका घेऊन एकामागून एक कानाला लावली, की त्या ध्वनीत कोणते घटक आहेत आणि कोणते नाहीत, याची यादीच तयार होई. ज्याला संगीताचा कान मुळीच नाही अशा मनुष्यालाही हे घटक ऐकू येत. पॅरिस येथील रूडोल्फ क्योनिग या कुशल यंत्रकाराने हे अनुनादक तयार करून युरोप-अमेरिकेच्या प्रयोगशाळांना पुरविले.

केवळ फोड करून ते थांबले नाहीत. विद्युच्चुंबकाने सतत वाजत राहतील असे नादकाटे त्यांनी ओळीने मांडले, प्रत्येकापुढे त्याचा अनुनादक ठेवला आणि कोणता किती उघडावयाचा हे कळांनी ठरवून मानवी स्वरांसारखे नाद यंत्रातून काढून दाखविले. अ, ओ, उ हे स्वर एकाच पट्टीत उच्चारले तरी निराळे का ओळखू येतात, तर तोंडाच्या पोकळीचा आकार बदलल्यामुळे निरनिराळे घटक उठावाने ऐकू येतात, हे यावरून स्पष्ट झाले. या प्रयोगाचे वर्णन जर्मन भाषेत वाचताना अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा असा गैरसमज झाला, की हेल्महोल्ट्झ यांनी तारेतून स्वर दूर पाठविले आहेत. त्यांनी केले, तर आपल्यालाही जमेल, या विश्वासाने ते कामाला लागले आणि १८७६ मध्ये दूरध्वनी अवतरला.

दोन स्वर एकत्र वाजले असता कधी गोड लागतात, कधी कर्कश, याचाही उलगडा त्यांनी केला. जवळजवळच्या कंपनसंख्यांमुळे ध्वनी कमीजास्त होत राहतो. ही थरथर सेकंदास सुमारे तीस ते पस्तीस वेळा झाली, की कानाला ती सर्वांत जास्त बोचते, असे त्यांना आढळले. कानाच्या आतील शंखाकृती भागात पियानोच्या तारांसारखे लहानमोठे तंतू असून प्रत्येक तंतू आपल्या स्वराला प्रतिसाद देतो, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. पुढे फॉन बेकेशी यांनी त्या भागात प्रत्यक्षात एक लाट धावते असे दाखविले आणि त्याबद्दल त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तपशील बदलला, पण निरनिराळ्या स्वरांना कानात निरनिराळ्या जागा आहेत, हा गाभा टिकून राहिला.

या ग्रंथाचा आपल्या देशाशीही जिव्हाळ्याचा संबंध आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर १८७५ मध्ये अलेक्झांडर एलिस यांनी केले. हे भाषांतर तरुण चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाती पडले. आपल्या आयुष्याला वळण देणाऱ्या मोजक्या ग्रंथांत रामन यांनी त्याची गणना केली आहे. मृदंग-तबल्यासारख्या आपल्या चर्मवाद्यांच्या मध्यभागी शाई असते, तिच्यामुळे त्यांचे घटकस्वर तंतुवाद्यांप्रमाणे सुसंवादी होतात, हे रामन यांनी १९२० मध्ये दाखविले, ते याच परंपरेत.

कोणी विचारील, की पितळेच्या या गोळ्यांचे आज काय प्रयोजन? त्याचे उत्तर आम्ही थोड्या विस्ताराने देतो. कारण त्यात तुमच्याआमच्या कानांचे हित गुंतलेले आहे. कारखान्यात ध्वनी किती आहे हे मोजण्यासाठी ध्वनिपातळीमापक वापरतात. तो डेसिबेलमध्ये एकच आकडा सांगतो. पण तेवढ्याने भागत नाही. एखाद्या खोलीत धान्य किती आहे हे सांगितले, तरी त्यात गहू किती व ज्वारी किती हे कळत नाही, तसेच हे आहे. म्हणून मापकाला सप्तकांच्या गाळण्यांचा संच जोडतात. कंपनसंख्या दुप्पट झाली म्हणजे एक सप्तक होते. या हिशेबाने ऐकू येणाऱ्या ध्वनीचे दहा पट्टे पाडले आहेत. त्यांचे मध्य सेकंदास ३१.५, ६३, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० व १६००० कंपने असे आहेत. १००० च्या पट्ट्यातून साधारण ७०७ पासून १४१४ पर्यंतचेच ध्वनी आत शिरतात, इतर अडतात. पट्टा बदलणे म्हणजे हेल्महोल्ट्झ यांच्या एका गोळ्याऐवजी दुसरा गोळा कानाला लावणेच होय.

संच वापरण्याची रीतही शिस्तीची आहे. प्रथम प्रमाणित ध्वनी देणाऱ्या साधनाने मापक बरोबर आहे की नाही, हे पडताळतात. मग गाळणी न लावता एकूण पातळी घेतात. त्यानंतर खालच्या पट्ट्यापासून क्रमाने वर जात प्रत्येकाची नोंद करतात. खालच्या पट्ट्यांत वाचन फार हेलकावते, म्हणून तेथे अधिक वेळ थांबून सरासरी घ्यावी लागते. शेवटी यंत्र बंद करून तीच सर्व वाचने पुन्हा घेतात, म्हणजे आसपासचा गोंगाट किती हे कळते. यंत्र चालू व बंद असतानाच्या वाचनांत दहा डेसिबेलहून अधिक अंतर असेल, तर आसपासचा गोंगाट विचारात घेण्याचे कारण नसते. अंतर तीनच डेसिबेल असेल, तर चालू वाचनातून तीन वजा करावे लागतात. आणि त्याहूनही कमी असेल, तर त्या वाचनावर विसंबता येत नाही. जुन्या संचांत हे पट्टे खुंटी फिरवून एकेक घ्यावे लागत. आजची यंत्रे सारे पट्टे एकदम दाखवितात.

या श्रमांचे फळ काय? १२५ च्या पट्ट्यात आकडा एकदम चढला, तर विजेच्या रोहित्राचा सेकंदास १०० कंपनांचा गुणगुणाट ओळखू येतो. वरच्या पट्ट्यांतील ध्वनी जाड कापडासारख्या सच्छिद्र वस्तू शोषून घेतात, पण खालच्यांवर त्यांची मात्रा चालत नाही. तेथे जड भिंती लागतात, किंवा हेल्महोल्ट्झ यांच्याच तत्त्वाच्या पोकळ्या भिंतीत बसवाव्या लागतात. सर्वांत महत्त्वाचे असे, की वर्षानुवर्षे गोंगाटात काम करणाऱ्याचे कान प्रथम ४००० कंपनांच्या आसपास बधिर होतात. बोलणे ऐकू येते, पण स, श, त, फ अशी व्यंजने निसटू लागतात. आणि आपल्या कानांना इजा झाली हे त्या मनुष्याला कळते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. म्हणून हा शत्रू कोणत्या पट्ट्यात लपला आहे, हे आधी हुडकणे अगत्याचे आहे.

१८७१ मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिन येथे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. जी विद्या परिस्थितीने सतराव्या वर्षी नाकारली होती, तिचे पीठ पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांना मिळाले. ते फर्डे वक्ते मात्र नव्हते. पुढे कीर्तिमान झालेले माक्स प्लांक त्यांच्या वर्गात बसत, पण त्यांनाही ती व्याख्याने कंटाळवाणी वाटत. परंतु प्रयोगशाळेत ते विद्यार्थ्यांचे खरे गुरू होते. हाइनरिश हर्ट्झ हे त्यांचे सर्वांत लाडके शिष्य. विद्युत्-लहरी प्रत्यक्ष सिद्ध करणारा हा शिष्य १ जानेवारी १८९४ रोजी अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारला आणि त्याच्या शेवटच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिण्याचा दुःखद प्रसंग वृद्ध गुरूवर आला. आज कंपनसंख्येचे एकक हर्ट्झ याच नावाने ओळखले जाते. गाळण्यांच्या संचावर शिष्याचे नाव आणि त्याच्या अंतरंगात गुरूचे तत्त्व, असा हा योग आहे.

१८८७ मध्ये मोजमापाच्या शास्त्रासाठी बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्षपद हेल्महोल्ट्झ यांच्याकडे आले. १८९३ मध्ये ते अमेरिकेत शिकागो येथील विद्युत्-परिषदेला गेले. परतताना जहाजाच्या जिन्यावरून ते पडले, त्यानंतर त्यांची प्रकृती पूर्ववत् झाली नाही आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, पाठांतर न जमणारा, प्रकृतीने दुर्बळ, मनाजोगे शिक्षण न मिळालेला हा मुलगा. त्याने जे मिळाले त्याचा कंटाळा केला नाही आणि जे हवे होते त्याचा ध्यास सोडला नाही. तुमच्यापैकी कित्येकांना उद्या आवडीचा एक आणि पोटाचा दुसरा असे दोन मार्ग दिसतील. त्या वेळी बराकीतील ती लहानशी प्रयोगशाळा आठवा. आणि ऐकण्याची जी देणगी आपणांस लाभली आहे, तिचे मोल जाणून तिला जपा, एवढेच सांगून आम्ही हे चरित्र पुरे करतो.